जळगाव न सोडता काय करावं: सीए, सीएमए, जीएसटी प्रॅक्टिशनर की जीडीसी अँड ए?

सावद्याची_लेक

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, लिहितेय पहिल्यांदाच. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी सावद्याची. २०२३ ला बी.कॉम., उमविमधून (आता कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव आहे, पण आमच्या घरी अजून उमविच म्हणतात), ६१ टक्के. ५५ च्या वर होते म्हणून फाउंडेशन (सीएची पहिली परीक्षा) न देता थेट सीए इंटरला नाव घातलं. पहिला ग्रुप दोनदा दिला, दोनदा गेला. दुसऱ्या वेळचे मार्क: अकाउंटिंग ४१, लॉ ३६, टॅक्स ५८. म्हणजे लॉमध्ये चार कमी, एकूण १५० हवे तिथे १३५. आणि टॅक्सला ६० पडले असते तर तो एक पेपर तरी पुढच्या तीन वेळांपुरता सुटला असता. दोन मार्क! आठवडाभर घरात कोणाशी धड बोलले नाही.

गेलं दीड वर्ष जळगावात एका कर सल्लागारांच्या ऑफिसात आहे. ११ हजार पगार, एसटीने जाऊन-येऊन. टॅली, ११ तारखेचं जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न), २० तारखेचं ३बी (कर भरायचं रिटर्न), नोटिसांना उत्तरं. खरं काम विचाराल तर ओटीपी गोळा करणं. एका कृषी केंद्रवाल्या काकांच्या पोर्टलवर त्यांच्या मुलाचा नंबर आहे आणि मुलगा सुरतला. दर २० तारखेला संध्याकाळी सहाला मी सुरतला फोन लावते, तेव्हा तो जिममध्ये असतो.

पप्पांचं म्हणणं, सीए झाली तर झाली, नाहीतर ही सगळी मुनीमगिरीच. मामा म्हणतात जीडीसी अँड ए कर, सोसायट्या काही संपत नाहीत. शेठ म्हणतात जीएसटी प्रॅक्टिशनर हो. पुण्यातली मावसबहीण म्हणते ईए कर, अमेरिकेचे टॅक्स भर, डॉलर कमव. क्लासवाले सीएमए म्हणतात, पण कुठलं सीएमए ते फोनवर नीट सांगत नाहीत.

घरच्या कारणांनी पुढची चार-पाच वर्षं जळगाव सोडता येणार नाही, ही अट धरून सांगा. कडू बोललात तरी चालेल.

धुळेकर_सीए

ताई, दोनदा ग्रुप गेला म्हणजे काहीच झालेलं नाही. माझा इंटर चौथ्या वेळी निघाला. तेव्हा वर्षाला दोनच परीक्षा असत, एक गेली की सहा महिने गेले. आता फाउंडेशन आणि इंटर २०२४ पासून वर्षातून तीनदा होतात, फायनलही २०२५ पासून तीनदा. आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालची उमेदवारी) तीनाची दोन वर्षं झाली. इंटरला सहा पेपर, फायनलला सहा. तुमच्या पिढीला रस्ता आखूड करून दिलाय, चढ मात्र तेवढाच आहे.

तुम्ही पाच कोर्सची नावं लिहिलीत, पण प्रत्येकाची सही कुठे चालते ते लिहिलं नाहीत. तिथून सुरुवात करा. व्यापाऱ्याची उलाढाल १ कोटीवर गेली की टॅक्स ऑडिट, रोखीचे व्यवहार ५ टक्क्यांच्या आत असतील तर मर्यादा १० कोटी. जुन्या कायद्यात हे कलम ४४एबी होतं; नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून, त्यात कलमांचे आकडे बदलले. त्या ऑडिटवर सही फक्त सीएची. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी केवढीशी का असेना, ऑडिट सीएचंच. २०१९ पासून प्रत्येक सहीमागे यूडीआयएन (त्या कागदाचा ऑनलाइन ओळख नंबर) काढावा लागतो, त्यामुळे उसन्या शिक्क्यावर चालणारे धंदेही बरेच बंद झाले. शेठ सीसी लिमिट (धंद्याच्या खेळत्या कर्जाची मर्यादा) वाढवायला बँकेत गेला की मॅनेजर पहिला प्रश्न विचारतो, सीए कोण?

लॉला ३६ म्हणजे तुम्ही वाचता, लिहीत नाही. रोज एक उत्तर हाताने लिहा. बाकीच्या डबक्यांत उतरायची घाई करू नका.

चोपड्याचा_टॅक्सवाला

डबकं म्हणालात का साहेब, बरं.

मी त्या डबक्यात विक्रीकराच्या काळापासून पोहतोय. बी.कॉम., मग एसटीपी (विक्रीकराचा प्रॅक्टिशनर), व्हॅट आला २००५ ला, जीएसटी २०१७ ला. तिन्ही वेळा सगळं नव्याने शिकलो. पोरी, जीएसटी प्रॅक्टिशनरचं सांगतो. पोर्टलवर पीसीटी-०१ हा नोंदणीचा अर्ज भरायचा, कॉमर्सची पदवी चालते. नोंदणी झाली की काम संपलं असं नाही, परीक्षा पास व्हावी लागते. १०० प्रश्न, अडीच तास, ५० टक्क्यांना पास, निगेटिव्ह मार्किंग नाही, भाषा इंग्रजी किंवा हिंदी. तू दीड वर्ष रोज हेच करतेस, दोन महिने नियमावली वाचलीस तर निघून जाईल.

आता सहीचं. जीएसटीच्या वार्षिक ताळमेळावर, ९सी वर, आधी सीए किंवा सीएमएची सही लागायची. २०२०-२१ या वर्षापासून सरकारने ती काढून टाकली, आता व्यापारी स्वतःच प्रमाणित करतो. केवढी ऑफिसं त्या एका फॉर्मच्या भरवशावर होती ते धुळेकर साहेबांना विचार. सही सरकार देतं, सरकारच काढून घेतं. गिऱ्हाईक मात्र काम येणाऱ्याकडेच थांबतं.

उदाहरण देतो. आमच्याकडे जिनिंगवाले. शेतकऱ्याकडून कापूस घेतला की त्यावरचा जीएसटी शेतकरी भरत नाही, जिनिंगवाला रिव्हर्स चार्जने भरतो. १५ नोव्हेंबर २०१७ पासूनचा नियम. आधी रोखीने भरायचा, मग त्याचंच क्रेडिट घ्यायचं. आता एक जण माझ्याकडे आला दुसरीकडून. कर भरला होता, पण स्वतःच स्वतःच्या नावाने काढायचं बिलच काढलं नव्हतं. काटा पावत्या गोणीभर. तीन दिवस त्या पावत्या तारखेवार लावत बसलो, हात काळे. दुसरं, डाळ. १८ जुलै २०२२ पासून छापील लेबलच्या २५ किलोपर्यंतच्या बॅगेवर ५ टक्के लागला आणि महिन्याभरात बाजारात २६ किलोच्या बॅगा दिसायला लागल्या. व्यापाऱ्याने मला फोन केला तो 'कायदा काय' म्हणून नाही, 'बारदान किती किलोचं शिवू' म्हणून. हे कुठल्या कोर्सला शिकवतात?

वाईट बाजूही ऐक. महिन्याच्या रिटर्नला पाचशे रुपये म्हटलं की शेठ चहा पाजतो आणि दिवाळीला बघू म्हणतो. आणि ४४एबीचं गिऱ्हाईक वर्षातून एकदा मला सीएकडे घेऊन जावं लागतंच. काही जण तिकडेच राहतात. ते दुखतं.

खान्देशी_मिरची

केळीची बाग लाव ताई, उत्पन्नावर टॅक्स नाही, ऑडिट नाही, ओटीपी नाही. फक्त वादळ आलं की सगळी आडवी.

सावद्याची_लेक

@खान्देशी_मिरची, आमची दोन वर्षांपूर्वी आडवी झाली होती, म्हणून तर नोकरी.

@चोपड्याचा_टॅक्सवाला काका, गोणीभर पावत्यांचं वाचून बरं वाटलं. मला वाटायचं आमच्याच ऑफिसात असं असतं.

पारोळ्याचे_अण्णा

मी प्रमाणित लेखापरीक्षक आहे, २२ वर्षं झाली. इथे जीडीसी अँड ए चं नुसतं नाव आलंय, कोणी उलगडून सांगितलं नाही, म्हणून लांबड लावतो.

हा राज्याच्या सहकार खात्याचा डिप्लोमा. कुठल्याही शाखेचा पदवीधर बसू शकतो. सहा पेपर, परीक्षा साधारण मे महिन्यात, आणि मराठीत लिहिता येते. हे शेवटचं मुद्दाम सांगतोय, कारण सीएच्या पेपरला इंग्रजी नाहीतर हिंदी, जीएसटीच्या परीक्षेलाही तेच. लॉला ३६ पडणाऱ्या आपल्याकडच्या अर्ध्या पोरांना कायदा कळत नाही असं नाही, इंग्रजीतून लिहिताना हात अडतो.

पण डिप्लोमा मिळाला की दुसऱ्या दिवशी ऑडिट करता येतं, हा गैरसमज आधी काढा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०, कलम ८१ वाचा. पदवी, जीडीसी अँड ए, त्यावर संस्थांच्या लेखापरीक्षणाचा किमान तीन वर्षांचा अनुभव आणि मराठीचं कामचलाऊ ज्ञान, एवढं झालं तर प्रमाणित लेखापरीक्षक. सीए असेल तर अनुभव एक वर्षाचा पुरतो, मराठी त्यालाही यावी लागते. मग नामतालिकेवर नाव आणि त्या तालिकेतून संस्थेची वार्षिक सभा तुमची नेमणूक करणार. वर्षाला वीसच संस्था घेता येतात, एक लाखाच्या आत भागभांडवल असलेल्या लहान संस्था त्यात मोजत नाहीत. ३१ जुलैपर्यंत ऑडिट पूर्ण, ३० सप्टेंबरपर्यंत संस्थेची सभा. म्हणजे एप्रिल ते जुलै मरमर, आणि तेव्हाच आपल्याकडे ४४ अंश.

काम कसं असतं ते सांगतो. गावची विकास सोसायटी, शेतकऱ्यांना पीककर्ज देणारी. एक खोली, लोखंडी कपाट, सचिव एकच आणि त्याच्याकडे तीन गावं. किर्द (रोजच्या जमाखर्चाची वही) उघडायची, रोजची शिल्लक ओढायची, खतावणीत (खातेवहीत) नोंदी पोचल्या का बघायच्या, तेरीज (सगळ्या खात्यांचा गोषवारा) जुळवायची. मग खरी गंमत. सभासदांकडून संस्थेला जेवढं येणं, त्यापेक्षा जिल्हा बँकेला संस्थेचं देणं जास्त निघतं. याला आम्ही अनिष्ट तफावत म्हणतो. ती का पडली हे शोधणं म्हणजे ऑडिट. व्याजाच्या दरातला फरक असतो, कधी बँकेने वसुली आधी व्याजात जमा करून घेतलेली असते, आणि कधी सभासदाने भरलेले पैसे किर्दीत आलेलेच नसतात.

एकदा एका संस्थेत सगळं जुळलं होतं. फारच जुळलं होतं. मी सचिवाला म्हटलं, चला, चार सभासदांकडे चहाला जाऊ. तिसऱ्या घरी म्हातारीने फळीवरच्या डब्यातून पावती काढली, हळदीचे डाग पडलेली. १४ हजार रुपये, शिक्का, सही, सगळं. संस्थेच्या पावती पुस्तकात त्या नंबरची स्थळप्रत ४०० रुपयांची. सचिव अंगणातच खाली बसला.

अशा वेळी काय करायचं तेही कायद्यात आहे. विशेष अहवाल सहकार खात्याच्या निबंधकांना द्यायचा, आणि त्यांची लेखी परवानगी मिळाली की एफआयआर लेखापरीक्षकानेच दाखल करायचा. ज्या गावात जेवलो त्याच गावाच्या पोलीस ठाण्यात. पुढची चार वर्षं कोर्टाच्या तारखा, प्रवासखर्च आपला. आपल्याकडे पतसंस्थांच्या ठेवीदारांनी किती चपला झिजवल्या हे सगळ्यांनी बघितलंय. त्यातल्या कित्येक ताळेबंदांवर कोणाची तरी सही होतीच ना? धुळेकर साहेब सही कुठे चालते ते विचारतात. मी म्हणतो, सही नाकारायची वेळ आली तर घर चालेल का, तेही विचारा.

फी शासनाच्या दराने. श्रीमंत होणार नाही. पण वीस संस्था आणि जोडीला रिटर्नची कामं असली तर पारोळ्यासारख्या ठिकाणी बरं चालतं.

वाल्ह्या

अण्णांचं वाचीसन अंगवर काटा उना. बहीन, पास तं व्हयी जाशी, पन सही कराना पहिले दोन डाव वाचजो.

भुसावळ_ते_पुणे

सीएमएचं (कॉस्ट अँड मॅनेजमेंट अकाउंटंट) थोडक्यात. दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि क्लासवाले मुद्दाम घोळ ठेवतात. एक आपल्या देशातलं, १९५९ च्या कायद्याने आलेल्या संस्थेचं, पूर्वीचं आयसीडब्ल्यूए. इंटरला आठ पेपर, फायनलला आठ, १५ महिने प्रॅक्टिकल ट्रेनिंग. दुसरं अमेरिकेतल्या आयएमए या अकाउंटंटांच्या संस्थेचं, दोन भागांचं. फी भरण्याआधी 'सर, कुठलं?' एवढं लेखी विचारा.

मी पहिलं केलं. कॉस्ट ऑडिटची सही आमची, पण ते ठरावीक उद्योगांतल्या कंपन्यांना लागतं, तेही उलाढाल ५० कोटी किंवा १०० कोटींच्या पुढे गेली की (उद्योगाच्या प्रकाराप्रमाणे). साखर यादीत आहे, पण आपल्याकडचा कारखाना सहकारी असेल तर तो कंपनी नाही, म्हणजे नियम त्याला लागू नाही. त्यामुळे जळगावात बसून कॉस्ट ऑडिटवर पोट भरणारे मोजके. एमआयडीसीत पाइपवाले, चटईवाले, डाळवाले खूप आहेत, कॉस्टिंगची गरजही आहे, पण 'आमचं कॉस्टिंग वडिलांच्या डोक्यात आहे' हे वाक्य मी स्वतः तीन ठिकाणी ऐकून पुण्याला आलो. नोकरीसाठी उत्तम. तुमच्या अटीत बसत नाही.

रात्रपाळी_शिरपूर

मी ईए आहे, शिरपुरातून घरूनच काम करते. ईए म्हणजे एनरोल्ड एजंट, अमेरिकेच्या आयआरएसने, म्हणजे तिथल्या आयकर खात्याने, दिलेला परवाना. तीन पेपर, प्रत्येकी १०० प्रश्न, साडेतीन तास. पदवीची अट नाही. पास झाल्यावर दर तीन वर्षांत ७२ तास शिक्षण चालू ठेवावं लागतं.

घरी सांगितलं तेव्हा 'एजंट' एवढंच ऐकू गेलं. सासूबाईंनी गल्लीत सांगितलं, सूनबाई विम्याचं काम करते. दोन जणी पॉलिसी काढायला आल्या पण.

खरं सांगू का? पैसे सीझनला चांगले आहेत. जानेवारीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत रोज रात्री २ पर्यंत काम, मुलीच्या शाळेचा डबा ७ ला. पण या कागदावर जळगावच्या एकाही दुकानदाराचं काही करता येत नाही. आणि सुरुवातीला फर्मला पुण्यात, अहमदाबादला येऊन बसणारी माणसं हवी असतात. घरून काम मिळायला मला तीन वर्षं पुण्यात काढावी लागली. मावसबहिणीने हे सांगितलं नसेल.

धुळेकर_सीए

चोपडेकर भाऊ, डबकं शब्द मागे घेतो. ९सी गेलं तेव्हा माझेही हात पोळले, दोन मुलं त्याच कामाला ठेवली होती.

अण्णा, तुमच्या पावतीच्या गोष्टीला माझ्याकडे उत्तर नाही. टॅक्स ऑडिटला माझ्याकडे साठपर्यंत फाइल येतात, मी चार घरी चहाला जात नाही.

ताई, एक व्यवहाराची गोष्ट मात्र लक्षात ठेवा. आर्टिकलशिप सुरू झाली की नोकरी बंद, आणि दुसरा कोर्स करायचा तर संस्थेची परवानगी काढावी लागते. इंटरचे दोन्ही ग्रुप झाल्याशिवाय आर्टिकलशिप सुरू होत नाही, म्हणजे आत्ता तुम्ही मोकळ्या आहात. जे काही जोडीला करायचं ते याच काळात उरकून घ्या. आर्टिकलशिप जळगावातच होते, स्टायपेंड शहराच्या लोकसंख्येच्या हिशेबाने, ११ हजारांची अपेक्षा धरू नका. तो खड्डा कसा भरायचा ते घरी आधीच बोला.

चोपड्याचा_टॅक्सवाला

पटलं. आणि पोरी, मे मध्ये जीडीसीची परीक्षा, त्याच सुमाराला इंटरचाही अटेम्प्ट असतो. दोन्ही एकदम देऊ नको, दोन्ही जातील. माझ्या भाच्याने केलंय.

सावद्याची_लेक

सगळ्यांचे आभार. पप्पांना हा धागा मोठ्याने वाचून दाखवला. अण्णांच्या म्हातारीपाशी आल्यावर ते म्हणाले, थांब, परत वाच. मग आमच्या सोसायटीच्या पावत्या शोधायला उठले. पिशवीत २०११ पर्यंतच्या सापडल्या, त्यातल्या दोन उंदरांनी खाल्लेल्या. रात्री अकरापर्यंत आम्ही दोघं पासबुकाशी जुळवत बसलो होतो. जुळल्या. पहिल्यांदाच त्यांनी विचारलं, तू ऑफिसात हेच करतेस का?

ठरवलंय ते असं. मे मध्ये फक्त जीडीसी अँड ए, मराठीतून. इंटरचा पहिला ग्रुप सप्टेंबरमध्ये, रोज लॉचं एक उत्तर हाताने लिहून (वही आणली). जीएसटीची परीक्षा पुढे कधी जाहीर होईल तेव्हा, कारण त्याचा अभ्यास पोटासाठी रोज होतोच. ईए आणि सीएमए नाही. सप्टेंबरलाही ग्रुप गेला तर काय, ते अजून ठरवलेलं नाही, आणि कृपया कोणी आत्ता विचारू नका.

@पारोळ्याचे_अण्णा, तीन वर्षांचा अनुभव कोणाकडे मिळवायचा? मुलींना गावोगाव ऑडिटला नेतात का तुमच्याकडे? आमच्या ऑफिसात एकदा विचारलं तर सर म्हणाले, तू टॅलीच बघ.

पारोळ्याचे_अण्णा

माझ्याकडे दोन मुली आहेत. एक माझ्यापेक्षा जोरात सचिवांना प्रश्न विचारते. निकाल लागला की इथेच निरोप टाका, जळगावकडच्या कोणा लेखापरीक्षकाशी गाठ घालून देतो. येताना टोपी आणि पाण्याची बाटली आणा, संस्थेचा माठ भरलेला असेलच असं नाही.

सावद्याची_लेक

नक्की अण्णा. पळते आता. आज २० तारीख आहे आणि सुरतवाला फोन उचलत नाहीये.

चोपड्याचा_टॅक्सवाला

काकांनाच सांग त्याला फोन लावायला, बापाचा उचलेल. माझे अजून तिघं बाकी आहेत.